उडालेला रंग आणि झाकलेला रंग

१. प्रश्नाआधीचा प्रश्न

वर्षभरात विटलेला सुती कुडता, राखाडी पडलेली काळी पँट किंवा पांढुरका झालेला निळा टी-शर्ट मीठ, तुरटी, व्हिनेगर अशा घरातल्याच पदार्थांनी पुन्हा पहिल्यासारखा करता येतो का, हा प्रश्न बहुतेक घरांत कधी ना कधी विचारला जातो. त्याला मिळणारी उत्तरे मात्र दोन टोकांची असतात: कोणी व्हिनेगरच्या अर्ध्या वाटीला रामबाण ठरवतो, तर कोणी गेलेला रंग कधी परत येत नाही असे सांगून विषयच संपवतो. ही दोन्ही उत्तरे काही कपड्यांच्या बाबतीत खरी आणि काहींच्या बाबतीत साफ चुकीची आहेत, कारण कपडा फिका दिसण्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक तर रंगद्रव्य तंतूंमधून खरोखर निघून गेलेले किंवा मोडलेले असते. नाहीतर ते जागच्या जागी असते, पण त्यावर काहीतरी साचल्यामुळे किंवा कापडाचा पृष्ठभाग पिंजल्यामुळे डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. पहिल्याला या प्रकरणात उडालेला रंग आणि दुसऱ्याला झाकलेला रंग म्हटले आहे. स्वयंपाकघरातले पदार्थ झाकलेला रंग उघडा करू शकतात. उडालेला रंग ते परत आणू शकत नाहीत, फार तर त्याच्या जागी दुसरा रंग चढवू शकतात.

२. ओला कपडा गडद का दिसतो

कपड्यावर पडणाऱ्या प्रकाशातला काही भाग रंगद्रव्य शोषून घेते आणि उरलेला भाग परत येतो, म्हणून कपडा रंगीत दिसतो. परंतु थोडा प्रकाश तंतूच्या आत शिरण्यापूर्वीच, रंगद्रव्याशी गाठ न पडता, पृष्ठभागावरूनच माघारी फिरतो; तो पांढराच राहिलेला असल्याने मूळ रंगात पांढरेपणा मिसळतो. पृष्ठभागावरून किती प्रकाश असा परतेल हे अपवर्तनांकावर अवलंबून असते. अपवर्तनांक म्हणजे एखाद्या पदार्थात शिरताना प्रकाश किती मंदावतो हे सांगणारी संख्या होय. हवेचा अपवर्तनांक जवळजवळ १, पाण्याचा १.३३ आणि कापसाच्या तंतूचा साधारण १.५५ असतो. शेजारच्या दोन पदार्थांच्या अपवर्तनांकांत जेवढे अंतर जास्त, तेवढा परावर्तित होणारा प्रकाश जास्त. कपडा भिजला की तंतूंभोवतीच्या हवेची जागा पाणी घेते, अंतर कमी होते, अधिक प्रकाश आत शिरून रंगद्रव्यापर्यंत पोहोचतो आणि कपडा गडद दिसतो. कोरडेपणी राखाडी वाटणारी शहाबादी फरशी पुसताना काळीभोर दिसते ती याच कारणाने.

यातून दोन गोष्टी निघतात. तंतूंवर साचलेले पांढरे कण आणि त्यांवर उभी राहिलेली लव या दोन्हींमुळे पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश वाढतो, त्यामुळे रंगद्रव्याचा एक कणही न गमावता कपडा फिका दिसू शकतो. दुसरे असे की कोणत्याही घरगुती उपायाचे फळ बादलीतून काढलेल्या ओल्या कपड्यावर पाहू नये, कारण साध्या पाण्यातून काढलेला कपडाही तितकाच गडद दिसतो. समाजमाध्यमांवरच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या कित्येक छायाचित्रांचे रहस्य एवढेच असावे.

३. निदान

उपायाआधी निदान करण्यासाठी प्रथम कपडा उलटा करून शिवणीच्या आत दुमडलेली पट्टी, खिशाची आतली बाजू किंवा मोडलेली कॉलर पाहावी. शिवणीच्या आतला भाग बाहेरच्या भागाइतकेच पाणी आणि साबण पितो, पण त्याला ऊन लागत नाही व तो घासलाही जात नाही. म्हणून आतली पट्टी ठसठशीत आणि बाहेरची बाजू फिकी असेल तर दोष उन्हाचा किंवा घर्षणाचा. त्यातही खांदे आणि दांडीवर वाळत घालताना पडणारी घडी फिकी झाली असेल तर उन्हाचा, आणि गुडघे, बाह्यांच्या कडा व खिशांची तोंडे फिकी झाली असतील तर घर्षणाचा. काळ्या किंवा निळ्या कपड्यावर तांबूस, नारिंगी ठिपके असतील तर ब्लीचिंगचे शिंतोडे उडालेले असतात व तेथील रंगद्रव्याचे रेणूच मोडलेले असतात. आतली पट्टीही बाहेरच्या बाजूइतकीच मंद झालेली असेल, तर मात्र एक तर रंग प्रत्येक धुण्यात थोडा थोडा वाहून गेला आहे, नाहीतर पाण्यातल्या क्षारांचा थर बसला आहे. यातले नेमके काय घडले आहे हे ठरवण्यासाठी कपड्याचा एखादा न दिसणारा कोपरा अर्धे पाणी आणि अर्धे व्हिनेगर अशा मिश्रणात अर्धा तास बुडवून ठेवावा, पिण्याच्या शुद्ध केलेल्या पाण्याने खळबळून पूर्ण वाळवावा आणि शेजारच्या भागाशी ताडून पाहावा. कोपरा उठून दिसला तर रंग झाकलेला आहे. फरक पडला नाही तर पुढच्या दोन विभागांतील खटाटोप करण्यात अर्थ नाही.

४. पाण्यातला चुना

ज्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात आणि म्हणून साबणाचा फेस होत नाही त्याला शालेय पुस्तकांत दुष्फेन पाणी म्हणतात, बोलण्यात जड पाणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हा चालणारी मर्यादा ६०० मिलिग्रॅम आहे. देशावरच्या अनेक गावांतील खोल बोअरचे पाणी जड असते, तर कोकणातील जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी सहसा सुफेन असते; एकाच दुकानातून घेतलेले दोन सारखे कपडे या दोन ठिकाणी वेगळ्या गतीने मंद होतात याचा दोष रंगाऱ्याकडे जात नाही.

साबण म्हणजे मेदाम्लाचा सोडियम क्षार होय. तो जड पाण्यात गेला की त्यातले सोडियम जाऊन कॅल्शियम येते आणि पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो, जो बालदीच्या कडेला करड्या वलयासारखा बसतो आणि कपड्यावरही बसतो. कपडे धुण्याच्या पावडरीत मुख्यतः कृत्रिम अपमार्जके असल्यामुळे हा साका होत नाही, पण पावडरीतला धुण्याचा सोडा पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूसारखे, सूक्ष्म कण तयार करतो. याच्या जोडीला धुण्याची वडी आहे: आपल्याकडच्या पुष्कळ वड्यांत वजन भरण्यासाठी व घट्टपणासाठी खनिज भुकटी आणि पांढरी माती घातलेली असते, त्यामुळे गडद कपड्यावर वडी थेट घासणे म्हणजे त्यात पांढरी पूड रगडणेच ठरते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाचवून कपड्यांना वापरण्याची काटकसर स्तुत्य असली, तरी त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार अधिक दाट झालेले असतात; ते फरशीला वापरावे, काळ्या कुडत्याला नव्हे.

५. व्हिनेगरचा हिशेब

खडू आणि साबणाचा साका या दोघांनाही आम्ल फोडते. बाजारात मिळणाऱ्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ टक्के ॲसेटिक आम्ल असते, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ४ ग्रॅम. एक ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवायला १.२ ग्रॅम ॲसेटिक आम्ल लागते. हे दोन आकडे हाताशी असले की ‘बादलीभर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर’ हा सर्वत्र सांगितला जाणारा नुस्खा अनेक घरांत का फसतो ते कळते.

समजा, पाणी लिटरला ३०० मिलिग्रॅम इतके जड आहे आणि ते जडपण पूर्णपणे बायकार्बोनेटमुळे आलेले आहे. १५ लिटरच्या बादलीत ४.५ ग्रॅम क्षार झाले, आणि त्यांचा निकाल लावायलाच ५.४ ग्रॅम आम्ल, म्हणजे १३५ मिलिलिटर व्हिनेगर लागते. अर्धी वाटी, सुमारे ७५ ते १०० मिलिलिटर, व्हिनेगर घातले तर ते सगळे त्या पाण्यातच खर्ची पडते आणि कपड्यावरच्या थरापर्यंत काहीही पोहोचत नाही. तेच व्हिनेगर ४ लिटर पाण्याच्या घमेल्यात घातले तर पाणी त्यातले फक्त ३६ मिलिलिटर खाते. म्हणून एका कपड्यासाठी कपडा जेमतेम बुडेल इतकेच, शक्यतो पावसाचे किंवा शुद्ध केलेले, पाणी घ्यावे, त्यात वाटीभर व्हिनेगर घालावे आणि कपडा अर्धा ते एक तास उलटा करून भिजवावा. लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्लाची पूड, याच कामाला चालते व स्वस्तही पडते. लिंबाचा रस मात्र टाळावा, कारण रस राहिलेला कपडा उन्हात गेला तर उरलेला रंगही फिका होण्याचा धोका असतो.

येथे एक पायरी बहुतेक सल्ल्यांमध्ये गाळलेली असते. आम्लाने खडू विरघळून जातो, पण साबणाच्या साक्यातून मेदाम्ल मोकळे होते, आणि ते तुपकट असल्याने पाण्यात न जाता कापडालाच चिकटून राहते. म्हणून व्हिनेगरच्या पाण्यातून काढलेला कपडा खळबळून, थोड्या द्रव अपमार्जकाने कोमट पाण्यात पुन्हा धुणे आवश्यक असते. तसे न केल्यास दोन दिवसांत त्याला खवट वास येतो आणि दोष व्हिनेगरला दिला जातो.

आम्लाचा आणखी एक उपयोग आहे. काही रंगद्रव्यांची छटा आम्लात व अल्कलीत बदलते. हळदीचा पिवळा डाग साबणाने लाल होतो आणि लिंबाने परत पिवळा होतो हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. कपड्यात सोडा राहून गेल्यामुळे अशा रंगद्रव्याची छटा बदललेली असेल तर सौम्य आम्लाने ती पूर्ववत होते, आणि रंग परत आल्याचे समाधान अशा वेळी अक्षरशः खरे असते.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घालण्याची शिफारस मात्र निरर्थक आहे, कारण आम्ल आणि अल्कली एकमेकांना निकामी करून फेस तेवढा उरतो. व्हिनेगर आणि ब्लीचिंगचे द्रावण एकत्र करणे तर घातक आहे, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

६. लव आणि खळ

सुती कापड धुताना, पिळताना, घासताना धाग्यांतले बारीक तंतू तुटून पृष्ठभागावर उभे राहतात आणि हीच लव प्रकाश विखुरून रंगावर पांढुरकी झाक आणते. काळ्या टी-शर्टवर ही झाक सर्वांत आधी दिसते. लव काढायला गोळे कापणारे छोटे यंत्र किंवा, हात हलका असेल तर, साधे रेझर चालते. महाग अपमार्जकांपैकी काहींत सेल्युलेज नावाचे विकर असते, जे कापसाच्या सेल्युलोजवर काम करून ही उभी राहिलेली टोके हळूहळू खाऊन टाकते, आणि रंग ताजा ठेवण्याचा त्यांचा दावा बराचसा याच विकरावर उभा असतो.

घरातला उपाय याहून जुना आहे. भाताची पेज किंवा साबुदाण्याची खळ पातळ करून, गाळून, कपडा तिच्यात बुडवला आणि अर्धवट ओला असताना उलट्या बाजूने इस्त्री केला, तर पिष्ट वाळताना लव दाबून चिकटवते, पृष्ठभाग गुळगुळीत होतो व रंग खोल दिसतो. पुढच्या धुण्यात खळ निघून जाते आणि लव पुन्हा उभी राहते. एवढे मान्य केले, तर सुती साडी व कुडत्यासाठी याहून बिनधोक उपाय नाही. गडद कपड्याला खळ दाट झाली तर मात्र पांढरे ओघळ उमटतात.

७. मीठ आणि तुरटी

मीठ व तुरटी यांची कीर्ती रंगाऱ्याच्या कढईतून घरात आली आहे, आणि तेथे ती रास्तच होती. कापूस आणि त्याला लागणारे बहुतेक रंग हे दोन्ही पाण्यात ऋण प्रभार धारण करतात, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. मिठातले सोडियम आयन हे प्रतिकर्षण सौम्य करतात आणि रंग पाणी सोडून तंतूंकडे सरकतो. १८८४ मध्ये पॉल ब्योटिगर याने शोधलेल्या काँगो रेडपासून सुरू झालेले थेट रंग, म्हणजे रंगबंधकाशिवाय सुताला लागणारे रंग, मिठाच्या उकळत्या पाण्यातच दिले जातात. पण मीठ येथे रंगाला तंतूपर्यंत नेते, तंतूला बांधत नाही. साध्या पाण्यात कपडा पुन्हा गेला की हा रंग थोडा थोडा सुटतो. म्हणून धुण्याच्या पाण्यात मीठ टाकल्याने कच्चा रंग त्या धुण्यापुरता कमी सुटतो हे खरे, आणि त्याने रंग पक्का होतो हे खोटे.

इयन रॅटी आणि विल्यम स्टीफन यांच्या संशोधनातून १९५६ मध्ये बाजारात आलेल्या क्रियाशील रंगांची गोष्ट वेगळी आहे. हे रंग सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतात व तो बंध धुण्याने तुटत नाही, पण रंगवताना जो भाग बंध न जोडता राहतो तो कापडात अडकून पडलेला असतो आणि पहिल्या काही धुण्यांत निघतो. तो निघून जाणेच हिताचे असते, आणि नव्या कुडत्याला मिठाच्या पाण्यात ठेवण्याची प्रथा नेमका त्यालाच रोखून धरते, म्हणजे दहाव्या धुण्यात पांढऱ्या बनियनवर तो उतरण्याची सोय करून ठेवते. कपड्याला सोसत असेल तर बऱ्यापैकी गरम पाण्यात वेगळे धुणे हा येथे अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

तुरटी ही रंगबंधक आहे. तिच्यातले ॲल्युमिनियम एका हाताने तंतूला आणि दुसऱ्या हाताने रंगद्रव्याला धरते, आणि मंजिष्ठेचा लाल रंग सुतावर शतकानुशतके टिकला तो या दुव्यामुळे. १८६८ मध्ये कार्ल ग्रेबे व कार्ल लीबरमान यांनी मंजिष्ठेतले ॲलिझरिन प्रयोगशाळेत बनवले आणि वनस्पतिज रंग हळूहळू मागे पडले, पण तुरटीवरचा विश्वास मागे पडला नाही. आजच्या कारखान्यातल्या बहुतेक सुती रंगांच्या रेणूंत ॲल्युमिनियमला धरण्याजोगी जागाच नसते, त्यामुळे तयार कपडा तुरटीच्या पाण्यात बुडवून काही साधत नाही.

८. रेशीम आणि लोकर

सुताच्या बाबतीत रंग पक्का करण्यास निरुपयोगी असलेले व्हिनेगर रेशीम व लोकरीला मात्र खरोखर उपकारक आहे. हे तंतू प्रथिनांचे असतात. आम्लधर्मी पाण्यात त्यांच्यावर धन प्रभार येतो आणि ऋण प्रभाराचा रंग त्यांना धरून राहतो, तर सोड्याच्या पाण्यात ही पकड सुटते आणि तंतूही दुखावतो. रेशमी साडी रिठ्याच्या पाण्यात धुण्याची जुनी पद्धत म्हणूनच समर्थनीय आहे, कारण रिठ्यातला फेस देणारा सॅपोनिन जड पाण्यात साबणासारखा साका करत नाही आणि रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मीच असते. शेवटच्या पाण्यात लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर पुरे. जरीचा काठ व पदर असलेल्या पैठणीला हा प्रयोग करू नये, कारण बहुतेक जरीत तांबे असते व आम्लाने ते काळवंडते किंवा हिरवट पडते.

९. रंग खरोखर गेला असेल तर

उडालेल्या रंगावर एकच इलाज आहे: पुन्हा रंगवणे. त्यासाठी आधी चौथ्या व पाचव्या विभागांतला थर काढून टाकावा लागतो, नाहीतर नवा रंग डागाडागांनी बसतो.

विटक्या काळ्या सुती कपड्यासाठी चहा-कॉफीच्या पाण्याची शिफारस केली जाते. त्यांतल्या तपकिरी द्रव्यांनी फिकेपणाला थोडी काळोखी येते, पण काळा रंग येत नाही व चार-दोन धुण्यांत तीही उतरते. खरा काळा देणारी जोडी हिरड्याची आणि हिराकसाची, म्हणजे लोहाच्या क्षाराची. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबे गोळा करतात त्या हिरड्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, भरपूर असते, आणि टॅनिनची लोहाशी गाठ पडली की निळसर काळे संयुग तयार होते. राजस्थानातल्या बगरूचे छपाईकार यासाठी गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवतात. घरी २०० ग्रॅम वजनाच्या कुडत्यासाठी ४० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात भिजवून गाळावी, कपडा त्यात तासभर ठेवून न धुता वाळवावा आणि मग ५ ग्रॅम हिराकस विरघळवलेल्या वेगळ्या पाण्यात सतत हलवत काही मिनिटे बुडवावा. लोहाचे प्रमाण वाढवण्याचा मोह आवरावा, कारण जास्तीचे लोह काळाच्या ओघात सुताला कमकुवत करते. मातकट पिवळ्यासाठी हिरडा थोडा कमी करून, हिराकसाऐवजी ३० ग्रॅम तुरटी आणि नंतर कांद्याच्या कोरड्या टरफलांचा काढा वापरला तर रंग चांगला चढतो. नुसत्या हळदीने रंगवलेले कापड मात्र उन्हात दिवसांतच उतरते.

बाकीच्या छटांसाठी बाजारातली रंगाची पुडी घेणेच बरे. ती बहुधा थेट रंगाची असते, म्हणून तिच्याबरोबर कपड्याच्या वजनाच्या दहावा ते पाचवा हिस्सा, म्हणजे २०० ग्रॅमला २० ते ४० ग्रॅम मीठ लागते, आणि मिठाचा खरा उपयोग येथेच आहे. पॉलिएस्टरवर यातला कोणताही रंग बसत नाही, कारण त्याच्या घट्ट तंतूंत रंग शिरवण्यासाठी कारखान्यात १३० अंश सेल्सिअस तापमान आणि दाब वापरतात. शंभर टक्के सुती कुडत्याची शिवण बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते, त्यामुळे निळा कुडता काळा केला तरी टाके निळेच राहतात. मूळ छटेपेक्षा एकदम वेगळा रंग देण्याऐवजी तिच्याच जवळचा, एक पायरी गडद रंग निवडला तर हे टाके डोळ्यांत भरत नाहीत.